शर्यत पागेतच घडते

महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर घोडा धावतो जेमतेम दीड-दोन मिनिटं. त्यामागे पागेतली महिनोन्‌महिन्यांची मेहनत असते.

थरोब्रेड घोड्याच्या हृदयाचे ठोके विश्रांतीत मिनिटाला 30 ते 40 असतात, तर भरधाव धावताना 220च्या वर जातात. त्या वेळी प्लीहा आकुंचन पावते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. ही देणगी जन्मजात असली, तरी पाय शाबूत असतील तरच ती कामी येते.

दमसास लवकर वाढतो, पण हाडं ताण सोसून बळकट व्हायला वेळ लागतो. सराव घाईने वाढवला, की नळीच्या हाडाला सूक्ष्म तडे जातात. म्हणून जाणता प्रशिक्षक रोज पहाटे पुढच्या पायांच्या मागच्या बाजूने, गुडघ्याखाली, हात फिरवतो. तिथल्या कंडरेत किंचित ऊब किंवा सूज जाणवली, तर त्या दिवशीची दौड रद्द. दुखावलेली कंडरा भरायला कित्येक महिने लागतात आणि ती पूर्ववत क्वचितच होते.

मग तो गव्हाण पाहतो. घोड्याच्या पोटात आम्ल सतत पाझरतं. चघळताना सुटणारी लाळ ते सौम्य करते. चंदी भरपूर आणि वैरण कमी झाली, तर जठरात व्रण होतात. चंदी उरली असेल, तर ती दुखण्याची पहिली खूण असू शकते.

घोडा दुखणं बोलून दाखवत नाही. ते वेळीच ओळखून त्याला थांबवणं हेच प्रशिक्षकाचं खरं कसब, आणि वेगही त्यातूनच येतो.