वॅट दुप्पट, आवाज किती?

घरच्या स्टीरिओचा ५० वॅटचा ॲम्प्लिफायर काढून १०० वॅटचा आणला, तर आवाज किती वाढेल? दुप्पट, असे उत्तर बहुतेक जण देतात आणि दुकानदारही ते दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडत नाही. खरे उत्तर आहे ३ डेसिबल. गाणे चालू असताना कोणी आवाजाची कळ किंचित फिरवली, तर 'जरा वाढला वाटतं' असे म्हणण्याइतका हा फरक. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी वॅट दहापट करावे लागतात. ५० चे ५००.

याचे कारण यंत्रात नाही, कानात आहे. जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या तीव्रतेत सुमारे एक लाख कोटी पटींचे अंतर असते. एवढा पल्ला एकाच इंद्रियाने सांभाळायचा, तर बेरीज-वजाबाकीचा हिशेब पुरत नाही. कान पटींत मोजतो, म्हणून डेसिबलची पट्टीही पटींचीच आहे.

आता 'सेट बदलायचा' म्हणून पंचवटी एक्स्प्रेसने लॅमिंग्टन रोड गाठणाऱ्यांनी किंवा कॉलेज रोडवरच्या दुकानात डोकावणाऱ्यांनी एक छोटे गणित घरीच करून जावे. बऱ्या कंपनीचा इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायर, म्हणजे स्रोत निवडणारा, आवाज कमी-जास्त करणारा आणि स्पीकर हलवण्याइतकी ताकद देणारा असे सगळे भाग एकाच डब्यात असलेला, तीस-चाळीस हजारांच्या पुढेच सुरू होतो. त्या पैशांत नक्की काय विकत मिळते, हे त्या गणितातून कळते.

स्पीकरच्या माहितीपत्रकात 'सेन्सिटिव्हिटी' नावाचा आकडा असतो. लहान बुकशेल्फ स्पीकरचा तो बहुधा ८५ ते ८८ डेसिबल. आपण ८७ धरू. अर्थ असा, की १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज मिळेल. आपण बसतो तीनेक मीटरवर. अंतरामुळे काही डेसिबल जातात, स्पीकर दोन असल्याने थोडे परत येतात आणि सोफ्यापर्यंत ८३ च्या आसपास पोहोचतात. घरात मन लावून गाणे ऐकताना सरासरी आवाज ७५ डेसिबल असला तरी भरपूर होतो. म्हणजे बहुतेक वेळ ॲम्प्लिफायर देत असतो एका वॅटचा सहावा भाग! तबल्याची थाप किंवा तान टिपेला गेल्याचा क्षण सरासरीच्या २० डेसिबल वर जातो असे मानले, तरी त्या क्षणापुरते १६ वॅट लागतात. ४० वॅटचा प्रामाणिक ॲम्प्लिफायर हे काम हसत करतो.

'प्रामाणिक' हा शब्द मुद्दाम वापरला. खोक्यावर १००० वॅट पीएमपीओ लिहिलेले टेपरेकॉर्डर ज्यांना आठवतात, त्यांना कारण सांगायला नको. भिंतीतून ६० वॅट वीज ओढणारा डबा १००० वॅट बाहेर कसा टाकेल, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पीएमपीओ आता फारसे दिसत नाही, पण त्याचा धाकटा भाऊ आहे. '१०० वॅट' असे मोठ्या अक्षरांत आणि खाली बारीक अक्षरांत '६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनेल चालू, १० टक्के विकृती'. हवे ते वेगळे. ८ ओहमला, दोन्ही चॅनेल एकदम चालू असताना, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत, एक टक्क्याहून खूपच कमी विकृतीला किती वॅट? हा आकडा छापलेला नसेल, तर तो न छापण्याचे कारण असते.

जाता जाता एक मौज. ८७ डेसिबलचा स्पीकर त्याला मिळालेल्या विजेच्या हजार भागांपैकी जेमतेम तीन भागांचा आवाज करतो. बाकी सगळी उष्णता. १०० वॅटमधले ९९ हून अधिक खोली तापवायला जातात. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी उत्तरायुष्यात नाशिकच्या रामनाम आधार आश्रमात वास्तव्य केले. त्यांच्या पिढीने मैफली गाजवल्या त्या ध्वनिवर्धक सर्वत्र पोहोचण्याआधी, आणि खुल्या आवाजात गाणाऱ्या गळ्यातूनही बाहेर पडणारी ध्वनिशक्ती सहसा एका वॅटपेक्षा कमीच असते.

तर, वॅट दुप्पट केल्याने हाती लागतात ३ डेसिबल. आता हेच ३ डेसिबल कानाच्या बाजूने पाहा. अमेरिकेच्या 'नायॉश' या व्यावसायिक आरोग्य संस्थेची शिफारस अशी, की ८५ डेसिबलच्या आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा जास्त राहू नये, आणि पुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी करावी. ८८ ला ४ तास, ९१ ला २, ९४ ला एकच. जागतिक आरोग्य संघटना ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगते. जो फरक आपल्याला 'जरासा' वाटतो, तो कानाची सुरक्षित वेळ अर्ध्यावर आणतो. कळ फिरवणाऱ्या बोटाला यातले काहीच जाणवत नाही, ही खरी अडचण.

आतल्या कानात शंखासारख्या गुंडाळलेल्या नळीत सुमारे १५ हजार केशपेशी असतात. आवाजाच्या लाटेने त्या डुलतात आणि मेंदूकडे संदेश जातो. एकदा मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. गणपतीच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर तासभर नाचून आल्यावर कानात शिट्टी वाजते, ती या पेशींची तक्रार असते. दुसऱ्या दिवशी शिट्टी थांबली म्हणजे सगळे भरून आले, असे नव्हे. घरात मोजायला फोनवरचे ध्वनिमापक ॲप अंदाजापुरते चालते. तेही नको असेल, तर हाताच्या अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागतो का, एवढे बघावे. लागत असेल, तर आपण ८५ च्या आसपास आहोत.

मग घरात आपण आवाज वाढवतो का? पुष्कळदा हौस म्हणून नाही, तर कमी आवाजात गाणे 'पातळ' वाटते म्हणून. १९३३ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवून दिले, की आवाज जितका हळू, तितका आपला कान खर्जाला बहिरा होत जातो. मध्यम पट्टीतला गळा ऐकू येतो, पण डग्गा आणि तंबोऱ्याचा खर्ज मागे सरतो. तो परत आणायला आपण सगळाच आवाज वाढवतो. जुन्या ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' नावाचे बटण असायचे, ते नेमके यासाठी. आवाज कमी असताना ते खालचे सूर तेवढे उचलून देते. पुढे शुद्धतेचे वारे आले. टोन कंट्रोल म्हणजे गावठी, ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ऐकावे, असे हौशी मंडळी म्हणू लागली आणि कित्येक महागड्या मॉडेलवरून बास, ट्रेबल, लाउडनेस गायब झाले.

हे शुद्धतेचे सोवळे मला पटत नाही. ध्वनिमुद्रण शुद्ध असेल, पण रात्री हळू आवाजात ऐकणारा कान 'सपाट' नसतोच. दोन ॲम्प्लिफायरमधून निवडताना ६० वॅट आणि लाउडनेस एकीकडे, १०० वॅट आणि कोरी पाटी दुसरीकडे असेल, तर फ्लॅटमध्ये राहणाऱ्याने पहिला घ्यावा. यामाहाच्या काही मॉडेलवर हे बटण हळूहळू फिरवता येते, ते आणखी चांगले. कमी आवाजात भरलेले गाणे मिळाले, तर कळ वर जाण्याचे कारणच उरत नाही. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांत निवासी भागासाठी रात्री दहानंतर ४५ डेसिबलची मर्यादा आहे. शेजाऱ्यांचाही त्यात फायदा.

'पूर्वी झांजा कशा चमकायच्या, आता सेट मंद झालाय', ही तक्रार वय वर्षे पन्नासच्या पुढे आली, तर ॲम्प्लिफायरआधी कानावर संशय घ्यावा. वयानुसार वरच्या पट्टीचे ऐकू येणे आधी जाते. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेसशेजारी वर्षे काढलेल्यांच्या कानाच्या आलेखात अनेकदा ४००० हर्ट्झच्या आसपास खळगा दिसतो. 'स', 'श', 'त' ही व्यंजने निसटू लागतात, टीव्हीचा आवाज वाढतो आणि घरातले वैतागतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे होणारी ऑडिओमेट्री अर्ध्या तासाच्या आत आटोपते आणि तिचा खर्च नव्या ॲम्प्लिफायरच्या तुलनेत अगदी किरकोळ असतो. आलेख उतरलेला निघाला, तर लाखाचा डबाही ती चमक परत देणार नाही. ट्रेबलची कळ थोडी देईल.

कानानंतर खोली. पंचवटीतल्या जुन्या वाड्यात मातीच्या जाड भिंती आणि लाकडी छत आवाज शोषून घेतात. गंगापूर रोड किंवा इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये व्हिट्रिफाइड टाइल, काचेची सरकती खिडकी आणि उघडी भिंत. टाळी वाजवून पाहा, खणखणीत प्रतिध्वनी येईल. गाण्याचे शब्द त्यातच गढूळ होतात. जाड सतरंजी, कापडी पडदे, पुस्तकांचे कपाट आणि स्पीकर कोपऱ्यातून फूटभर पुढे, एवढ्यावर जो फरक पडतो तो कोणत्याही ॲम्प्लिफायरने पडत नाही. स्पीकरलाही मर्यादा असते. काळी एकमध्ये गाणाऱ्या गवयाचा षड्ज सुमारे १३९ हर्ट्झ, त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार ६९ च्या आसपास. पाच इंची स्पीकरचा दम साधारण तिथेच संपू लागतो. मागून कितीही वॅट ढकलले, तरी नसलेला खर्ज येत नाही.

तरी ॲम्प्लिफायर बदलावाच लागतो, असे प्रसंग आहेत. ४ ओहमचे, ८३-८४ डेसिबलचे हट्टी स्पीकर आणि मोठा दिवाणखाना असेल, तर जुन्याचा श्वास कोंडतो. ताकद संपली, की लाटेची डोकी छाटली जातात, ताना कर्कश होतात आणि स्पीकरचा ट्विटर जळूही शकतो. अशा वेळी वॅट हवेतच, शिवाय ४ ओहमवरचा आकडाही बघायला हवा. तबकड्यांसाठी फोनो जोडणी किंवा सबवूफरची जागा हवी असेल, तरी नवा घ्यावा. पण कळ फिरवताना खरखर, एक चॅनेल मधूनच गप्प किंवा सततचा गुणगुणाट एवढेच असेल, तर आधी चांगला मेकॅनिक गाठावा. कळ साफ करणे किंवा जुने कपॅसिटर बदलणे यावर पुष्कळदा भागते. गुणगुणाट कधी सॉकेटच्या अर्थिंगचा निघतो, कधी स्वस्त इन्व्हर्टरचा.

दुकानात ऐकताना एका सापळ्यापासून जपावे. अर्ध्या डेसिबलने मोठा वाजणारा डबा कानाला 'मोठा' वाटत नाही, 'चांगला' वाटतो. म्हणून फोनवरच्या ॲपने दोन्हींचा आवाज जमेल तितका सारखा करून घ्यावा आणि कोणता चालू आहे हे न सांगता बदलायला लावावे. १९८७ च्या जानेवारीत अमेरिकेच्या 'स्टीरिओ रिव्ह्यू' मासिकाने स्वस्त-महाग ॲम्प्लिफायर असेच डोळ्यांआड ठेवून, आवाज जुळवून ऐकवले, तेव्हा श्रोत्यांना ते खात्रीने ओळखता आले नाहीत. दुकानदार या खेळाला तयार नसेल, तर निदान आपले नेहमीचे गाणे, रोजच्या हळू आवाजात, पंधरा मिनिटे ऐकावे. तिथे दहा मिनिटांत छाती दणाणून सोडणारा आवाज घरी कोणी ऐकत नाही.

आणि घरी आणल्यावर तो टीव्हीच्या बंद कपाटात कोंबू नये. एप्रिलमध्ये नाशिकचा पारा चाळिशीकडे सरकतो, तेव्हा त्याच्या डोक्यावर चार बोटे मोकळी जागा लागतेच.