जांभ्याचा दगड, लाल विंचू आणि पेशीचं दार

गणपतीपुळ्याला आमच्याकडे गडग्यातला जांभ्याचा दगड उचलताना आधी खाली बघायची सवय असते. तिथे लाल विंचू असू शकतो. त्याच्या दंशाने मज्जातंतूंतून ॲड्रेनॅलिनसारखी रसायनं भरमसाट सुटतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं. लहान मुलं यात दगावायची. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९८०च्या दशकात यावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध वापरलं आणि कोकणातले मृत्यू खूप कमी झाले.

प्राझोसिन पेशीवरचा 'अल्फा-१' हा ग्राहक अडवतं. या ग्राहकाच्या आतल्या बाजूला काय चालतं, तिथे माझा विषय सुरू होतो.

हृदयाच्या पेशीत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा साधारण ३० पट असतं. ते पोटॅशियम चॅनेल नावाच्या प्रथिनांतून बाहेर झिरपतं, म्हणून दोन ठोक्यांमध्ये पेशी शांत राहते. पण ही दारं उघडी कोण ठेवतं?

१९९६ साली हिल्गेमन आणि सहकाऱ्यांनी हृदयपेशीच्या पटलाचा तुकडा वेगळा काढून पाहिला. त्यातली काही पोटॅशियम चॅनेल हळूहळू गप्प झाली. मग पीआयपी-२ नावाचं लिपिड घातलं, तर ती पुन्हा जागी झाली! पटलाच्या लिपिडांत हे असतं जेमतेम एक टक्का. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून आपण जांभ्याचा तुकडा लावतो ना, तसंच हे. २०११ साली मॅकिनन यांच्या गटाने अशाच एका चॅनेलची रचना दाखवली: पीआयपी-२ चिकटलं की चॅनेलचा खालचा भाग पटलाकडे ओढला जातो आणि दार उघडू लागतं.

आता अल्फा-१ कडे परत या. तो चेतला की फॉस्फोलायपेज सी हे एन्झाइम कामाला लागतं आणि पीआयपी-२ चे दोन तुकडे करतं. म्हणजे दाराचा दगडच फुटतो. पीआयपी-२ फार घटलं, तर त्याच्यावर विसंबलेली चॅनेल मिटतात.

विंचूदंशातला सगळा घोटाळा या दारांमुळेच होतो, असं मात्र समजू नका. रक्तवाहिन्या आवळतात त्या मुख्यतः कॅल्शियममुळे. पण त्या कॅल्शियमला मोकळं करणारा निरोपही पीआयपी-२ च्याच एका तुकड्याकडून जातो. एक टक्का लिपिड, आणि कामं किती!

आणि हो, विंचू चावलाच तर मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. थेट दवाखाना गाठा. प्राझोसिन जितकं लवकर, तितकं बरं.