८ सेंटिमीटरची डीव्हीडी: रिकामी दिसते म्हणून फेकू नका

मुंज-बारशाच्या अल्बमांखाली बशीपेक्षाही लहान अशा दोन-चार चकचकीत डिस्क अजून अनेक घरांत सापडतात. २००० साली हिताचीने डीव्हीडीवर चित्रण करणारा घरगुती कॅमेरा आणला. पुढे सोनी, पॅनासोनिकच्या कॅमेऱ्यांतही हीच ८ सेंटिमीटरची डीव्हीडी बसे.

या डिस्कबद्दलचा सर्वांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे ‘कॉम्प्युटरवर रिकामी दिसते, म्हणजे तिच्यात काही नाही.’ आमच्या घरातली एक डिस्क याच समजापायी कचऱ्यात गेली. प्रत्यक्षात, कॅमेरा डीव्हीडी-आरवर आधी चित्रण लिहितो. कुठे काय आहे याची पक्की अनुक्रमणिका मात्र ‘फायनलाइज’चा आदेश दिल्यावरच लिहिली जाते. तो आदेश राहून गेला, की इतर प्लेअरना पुस्तक मिळतं, पण अनुक्रमणिका नाही. चित्रण जागेवरच असतं. मूळ कॅमेरा हाताशी नसेल, तर डिस्कवरची कच्ची माहिती थेट वाचणारी सॉफ्टवेअर आहेत; ती बऱ्याचदा काम भागवतात. डिस्क आरडब्ल्यू, म्हणजे पुसून पुन्हा लिहिता येणारी, असेल आणि कॉम्प्युटरने ‘फॉरमॅट करू का?’ विचारलं, तर ‘नाही’ म्हणा.

‘छोटी डिस्क आपल्या प्लेअरमध्ये चालत नाही’ हे अर्धंच खरं. ट्रेमध्ये मधोमध जो लहान गोल खळगा असतो, तो हिच्यासाठीच. फटीतून डिस्क आत ओढून घेणाऱ्या ड्राइव्हमध्ये, म्हणजे गाडीतल्या बऱ्याच प्लेअरमध्ये, ती मुळीच घालू नका. आत अडकली तर बाहेर काढताना नाकी नऊ येतात.

मग आकार दोन-तृतीयांश, तर क्षमताही तेवढीच? नाही. मोठ्या डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात, हिच्यात साधारण १.४. डिस्कच्या मधल्या भागात माहिती लिहिलीच जात नाही आणि बाहेरची कड कापली की सर्वांत लांब फेरे जातात. म्हणूनच चांगल्या दर्जाचं चित्रण अर्ध्या तासात संपे आणि ऐन मंगलाष्टकांत डिस्क बदलावी लागे!

दिसायला लहान म्हणून सगळ्यांना ‘मिनीडिस्क’ म्हणणंही चूकच. सोनीची मिनीडिस्क १९९२ची, गाण्यांसाठीची, प्लास्टिकच्या डबीतली. पीएसपी या हातात धरून खेळायच्या गेम-यंत्राची यूएमडी डिस्क २००४ची, ६० मिलिमीटरची, १.८ जीबीची. या दोन्ही डीव्हीडी प्लेअरमध्ये चालत नाहीत.

‘ओरखडा नाही, म्हणजे डिस्क सुरक्षित’ या समजावरही विसंबू नका. डीव्हीडी-आरमध्ये माहिती रंगद्रव्याच्या थरात असते आणि ऊन, उष्णता, दमट हवा यांनी तो थर हळूहळू खराब होतो. कोकणातल्या पावसाळ्यात तर कपाटही कोरडं राहत नाही.

जुना कॅमेरा अजून चालत असेल, तर त्याचा अडॅप्टर शोधा. बॅटरीच्या भरवशावर न राहता तो लावूनच डिस्क फायनलाइज करा आणि त्याच दिवशी चित्रण हार्ड डिस्कवर उतरवून घ्या.