शाळा सुटली, ग्राउंड उघडलं!

सुट्टीत शाळेच्या ग्राउंडवर क्रिकेट खेळायला गेलो आणि वॉचमनकाकांनी पिटाळलं, हे आपल्यापैकी बहुतेकांनी भोगलंय. अमेरिकेत ह्यूस्टनचं दुखणं साधारण असंच होतं. तिथल्या सरकारी शाळा महापालिकेच्या नाहीत बरं का! ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’ हा वेगळाच कारभार. त्याचा प्रॉपर्टी टॅक्सही वेगळा, मेयरचा हुकूम तिथे चालत नाही. शहरात बागा कमी, आणि शाळांची मैदानं मात्र संध्याकाळी रिकामी.

१९८३ साली एलिनॉर टिन्स्ली या नगरसेविकेने ‘स्पार्क’ (म्हणजे ‘स्कूल’ अधिक ‘पार्क’) योजना काढली. बाई आधी शाळामंडळावर निवडून आलेल्या, त्यामुळे दोन्हीकडची नस ठाऊक. मला वाटतं, खरी किल्ली हीच. नाहीतर फाइली या टेबलावरून त्या टेबलावर फिरत बसल्या असत्या.

हिशोब सोपा. जमीन शाळेचीच, म्हणजे बागेसाठी जागा विकत घ्यायला नको. पैसा शहर, शाळा आणि देणगीदार मिळून उभा करतात. शाळेच्या वेळात मैदान मुलांचं, नंतर आणि शनिवार-रविवारी आसपासच्या सगळ्यांचं. आजवर अशा दोनशेहून जास्त बागा झाल्या आहेत.