सायकलीचा दिवा

वसई तालुक्याच्या पश्चिम किनाऱ्यावर भुईगाव वसले आहे. एका बाजूस समुद्र व सुरूची झाडे, तर दुसऱ्या बाजूस केळीच्या, भाजीच्या व फुलांच्या वाड्या आहेत. वाड्यांमधले रस्ते अरुंद व वळणांचे असतात. वाड्यांना पाणी पुरविणारी जुनी तळीही या पट्ट्यात आहेत. त्यांना ‘बावखल’ म्हणतात. अशा मुलखात काळोखात दिव्याविना सायकल चालविणे म्हणजे डोळे मिटून धावण्यासारखेच होय.

सायकलीच्या दिव्याला दोन कामे करावी लागतात. स्वाराला रस्ता दाखविणे हे पहिले काम आणि स्वार इतरांना दिसावा हे दुसरे. पहिले काम सर्वांच्या ध्यानात येते. दुसरे मात्र पुष्कळजण विसरतात. चांदण्या रात्री स्वाराला रस्ता दिसतो खरा, परंतु मागून येणाऱ्या मोटारीच्या चालकाला तो दिसेलच, असे नाही.

प्रारंभी सायकलींना तेलाचे दिवे लावीत. वाऱ्याने व धक्क्यांनी ते विझत. पुढे कार्बाइडचे दिवे आले. कॅल्शियम कार्बाइडवर थेंब थेंब पाणी पडले, की ॲसिटिलीन वायू तयार होतो. तो जळताना लख्ख उजेड पडतो. त्यानंतर डायनॅमो आला. तारेच्या वेटोळ्याजवळ चुंबक फिरविल्यास तारेत वीज निर्माण होते. या तत्त्वाचा शोध मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली लावला. डायनॅमोची लहानशी चकती टायरला घासून फिरते व तिच्याबरोबर आतील चुंबकही फिरतो. मात्र सायकल थांबली, की असा साधा दिवाही विझतो. आणि पावसात ओल्या टायरवरून चकती घसरते. आज घडीचे एलईडी दिवे वापरात आहेत. त्यांना वीज थोडी लागते व उजेड भरपूर मिळतो.

दिवा कितीही चांगला असला, तरी तो नीट बसविला पाहिजे. ताशी १८ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल एका सेकंदात ५ मीटर अंतर कापते. समोर खड्डा दिसून हात ब्रेककडे जाईपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. त्यानंतर सायकल थांबण्यासही काही अंतर लागते. म्हणून निदान १० मीटर पुढचा रस्ता उजळला पाहिजे. यासाठी दिवा हँडलच्या मध्यभागी घट्ट बसवावा व त्याचे तोंड किंचित खाली झुकवावे. झोत सरळ समोर सोडल्यास येणाऱ्याचे डोळे दिपतात, आणि डोळे दिपलेला मनुष्य आपल्यावरच येऊन आदळण्याचा संभव असतो.

पुढचा दिवा पांढरा व मागचा तांबडा असावा. त्या रंगांवरून सायकल येत आहे की जात आहे, हे दुरून कळते. मडगार्डवरील तांबडी परावर्तक काच स्वतः प्रकाशत नाही. तिच्यावर पडलेला प्रकाश ती आल्या दिशेला परत पाठविते. दिवा नसलेल्या वाटसरूला ती दिसत नाही. म्हणून काच असली, तरी मागचा दिवा हवाच.

एके काळी पुण्यासारख्या शहरात विनादिव्याच्या सायकलस्वाराला पोलीस अडवीत व दंड करीत. दंडाच्या भीतीने दिवा लावणारा पोलीस दिसला नाही, की तो लावायचे टाळतो. परंतु आपला दिवा आपल्याइतकाच रस्त्याने चालणाऱ्या वृद्धाचे व बालकाचे रक्षण करतो, हे ज्याला उमगले, तो निर्मनुष्य रस्त्यावरही दिवा लावल्यावाचून निघत नाही.