पियानो, डावा हात आणि वीस मिनिटे

वयाच्या बावन्नाव्या वर्षी मी पियानो शिकण्यास आरंभ केला, तेव्हा मनात थोडा ताठा होता. लहानपणी फोंड्याजवळच्या आमच्या गावी देवळातील भजनाला मी पेटीची साथ करीत असे. पट्ट्यांची ओळख जुनी होती. पहिल्याच आठवड्यात तो ताठा उतरला. पेटीवर डाव्या हाताचे काम भाता हलवण्याचे. पियानोवर त्याच हाताला स्वतंत्रपणे बोलावे लागते, आणि माझा डावा हात तर या बाबतीत निरक्षर! शिवाय भाता चालू असेतो पेटीचा स्वर टिकतो. पियानोच्या तारेवर हातोडीचा आघात झाला की स्वर त्याच क्षणापासून विरू लागतो.

डॉक्टरी स्वभावानुसार मी यावर परिश्रमाचा उतारा योजला. रुग्णालयातून परतल्यावर रोज तासभर चेर्नीचे अभ्यासपाठ. कार्ल चेर्नी हा बेथोव्हेनचा शिष्य आणि लिस्टचा गुरू. त्याच्या पाठांची योग्यता वादातीत आहे. पण तीन महिन्यांत माझे मनगट दुखू लागले. रुग्णाला असे झाले असते तर मी विश्रांती सांगितली असती. स्वतःला मात्र चिकाटी सांगितली. अखेर पियानोवर तपासण्यांचे कागद साचू लागले. सौ. म्हणाली, “पूर्वी तुम्ही पेटी काढलीत की मी येऊन बसत असे. आता दार लावून घेते.”

वैद्यकबंधूंना ठाऊक असावे असे एक उदाहरण येथे सांगतो. रॉबर्ट शूमान हा थोर जर्मन रचनाकार तरुणपणी वादक होऊ पाहत होता. बोटांना बळ यावे म्हणून त्याने एक यांत्रिक साधनही वापरले. पण १८३०च्या दशकाच्या आरंभी त्याच्या उजव्या हाताचे बोट निकामी झाले आणि वादनाची कारकीर्द संपली. दोष त्या साधनाचाच होता की काय, यावर मतभेद आहेत. आज अनेकजण ‘फोकल डिस्टोनिया’कडे बोट दाखवतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांचा उजवा हात १९६०च्या दशकात याच विकाराने अडला आणि त्यांनी अनेक वर्षे केवळ डाव्या हातासाठीच्या रचना वाजवल्या. पुढे बोट्युलिनम टॉक्सिनच्या उपचाराने ते दोन्ही हातांनी वाजवू लागले. माझे दुखणे त्या जातीचे नव्हते, साधा अतिताण होता. पण दुखण्याला तपश्चर्या समजण्याची चूक तीच.

माझ्या शिक्षिकेने प्रथम माझा तासच काढून घेतला. “डॉक्टर, वीस मिनिटे. पण रोज.” आरंभी येत असलेले काहीतरी वाजवायचे, म्हणजे कानाला सुख होते. मग नव्या रचनेचे चारच ‘बार’, आधी डावा हात एकटा, लाज वाटेल इतक्या संथ लयीत. चूक झाली तर लय आणखी कमी; वेग वाढवून चूक झाकायची नाही. शेवट पुन्हा एखाद्या पूर्ण तुकड्याने. शिकलेल्या हालचाली झोपेत पक्क्या होतात, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. रात्री अडलेली जागा सकाळी बोटांखालून सहज निघून गेली, तेव्हा मला ते खरोखर पटले. रविवारी दोन तास बसून आठवड्याची भरपाई करण्याचा माझा बेत त्या दिवशीच बारगळला.

पहिली पूर्ण रचना होती जी मेजरमधील मिन्युएट. बाखच्या पत्नीच्या १७२५च्या वहीतील ही रचना दीर्घकाळ बाखच्याच नावावर होती. प्रत्यक्षात ती क्रिस्तियान पेत्झोल्डची. अवघे बत्तीस बार, तीन मात्रांची चाल. दादऱ्याची सवय असलेल्या कानाला परकी वाटत नाही. जोडीला मी एक हट्ट धरला: उजव्या हातात ओळखीच्या अभंगाची चाल, डाव्यात नुसते षड्ज-पंचम. शिक्षिका हसल्या, पण त्यांनी अडवले नाही. डावा हात खऱ्या अर्थाने सुटला तो त्या अभंगात.

पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेने पट्ट्या अडकतात, अडल्या शस्त्रक्रियेसाठी रात्री धावावे लागते, तेव्हा वीसाची पाच मिनिटे होतात. ती मी पाचच ठेवतो. मिन्युएटच्या उत्तरार्धात डावा हात अजून एका ठिकाणी ठेचकाळतो. सध्या तेवढेच चार बार चालू आहेत. सौ.चे दार बहुधा उघडे असते.