बेटाचे राखणदार

आमच्या मंद्रूपकडं समुद्र नाही. किल्ला म्हटलं की सोलापूरचा भुईकोटच आठवतो. धारावीला नणंदेकडं गेले, तेव्हा बसवर ‘काळा किल्ला’ वाचलं आणि विचारलं, ‘‘वन्सं, किल्ला कुठाय?’’

‘‘अहो वहिनी, डेपोचं नाव आहे ते!’’

पण मैत्रिणींनो, किल्ला खरंच आहे. वस्तीच्या आत, घरांना खेटून. त्याच्या शिलालेखात १७३७ साल आणि गव्हर्नर जॉन हॉर्नचं नाव आहे. तेव्हा मुंबई म्हणजे बेटं. खाडीपलीकडं साष्टी, आणि ती त्याच वर्षी मराठ्यांनी पोर्तुगिजांकडून घेतली. म्हणजे इंग्रजांची नजर कुणावर? आपल्यावरच की! खोटं कशाला सांगू, मला जरा बरंच वाटलं.

शीव, शिवडी, माहीम, वरळी, सगळीकडं असे पहारे होते. शत्रूचं गलबत वेळेत दिसावं म्हणून. पण नुसतं बघून घर राखलं जातं होय? १६८९ मध्ये जंजिऱ्याचा सिद्दी शिवडीलाच उतरला. मग माझगाव, माहीमही गेलं. इंग्रज कोटात अडकले. औरंगजेबाला दीड लाख रुपये दंड भरला, तेव्हा कुठं १६९० मध्ये सिद्दी हलला.

शिवडीच्या किल्ल्याचा पुढं तुरुंग झाला, नंतर गोदाम. काळ्या किल्ल्याच्या भिंतीत झाडं रुजलीत, मुळं दगड उचकटतात. मुंबईला लेकीकडं, भावाकडं गेलात, तर पोरांना हे दाखवाच. हिवाळ्यात जा, शिवडीच्या खाडीत रोहित पक्षीही दिसतील.